विसरणाऱ्यांसाठी घर पारखताना

वृद्धाश्रम हा शब्द खानदेशात अजूनही हळू आवाजात उच्चारला जातो. मुलगा पुण्याला किंवा सुरतेला, मुलगी सासरी आणि आई जुन्या घरात एकटी, हे चित्र चाळीसगावपासून शिरपूरपर्यंत कोणत्याही गल्लीत दिसते. तरीही ‘आईला ठेवले’ एवढे दोन शब्द बोलताना माणूस आधी इकडेतिकडे पाहतो. या संकोचाचा एक परिणाम फारसा लक्षात येत नाही. ज्या गोष्टीबद्दल उघड बोलायचे नसते, ती पारखण्याची सवयही समाजाला लागत नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना चार ठिकाणी चौकशी करणारी आणि बिघाभर जमिनीसाठी सातबारा तीनदा वाचणारी आपली माणसे आईसाठी जागा अर्ध्या तासात पसंत करून मोकळी होतात. घरातल्या वृद्धाची स्मृती जात असेल, तर हा अर्धा तास फार महागात पडतो. कारण असा वृद्ध नंतर तक्रार करू शकत नाही, आणि केली तरी ती तक्रार म्हणून ऐकली जात नाही.

माझ्या आत्यासाठी जागा शोधताना दोन वर्षांत धुळे, जळगाव, नाशिक आणि पुणे इथल्या दहा-बारा संस्था मी पाहिल्या. आत्याचे सारे आयुष्य शिरपूर तालुक्यात गेले. घरात आम्ही तिला फुई म्हणतो. त्या हिंडण्यातून, आणि या विषयावर जे वाचता आले त्यातून, जागा पारखण्याचे काही निकष हाती आले. ते इथे मांडतो आहे.

आधी आजार, मग जागा

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने आपले मोठे नुकसान केले आहे. विसरणे हा म्हातारपणाचा भागच, असे धरून चालल्यामुळे तपासणीच होत नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला वैद्यक स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणते. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून होणारा प्रकारही आपल्याकडे बराच दिसतो.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मांडला गेला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. खानदेशाने हे वाक्य दोनदा वाचावे, कारण स्मृतिभ्रंशासाठीची निवासी केंद्रे मात्र मुंबई-पुण्याच्या आसपास आहेत.

जागा शोधायला निघण्यापूर्वी एक काम अनिवार्य आहे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, मेंदूभोवती साचलेले रक्त किंवा औषधांचा अतिरेक यांमुळेही माणूस विसराळू व गोंधळलेला होतो, आणि यांतल्या बऱ्याच कारणांवर उपचार आहेत. शुद्ध शाकाहारी आणि दूधही बेताचे घेणाऱ्या घरात बी-१२ची तपासणी तर हवीच. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गानेही म्हातारे माणूस दोन दिवसांत भ्रमिष्टासारखे वागू लागते आणि औषधाने पुन्हा ताळ्यावर येते. अशा माणसाला कायमचे कुठे पोहोचवून येणे हा अन्यायच.

पाटी एक, आतले काम वेगळे

‘वृद्धाश्रम’ या पाटीखाली निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. पहिली म्हणजे चालत्या-फिरत्या वृद्धांची वसती. महाराष्ट्रात १९९५ पासून ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजनेतून अशा संस्था उभ्या राहिल्या. जळगावजवळ सावखेडा शिवारात केशवस्मृती प्रतिष्ठानचा मातोश्री आनंदाश्रम आहे. वेळेवर जेवण, सोबत, भजन आणि डॉक्टरांची फेरी ही अशा संस्थांची मूळ कल्पना. दुसरी गोष्ट म्हणजे आधार देणारे निवास. तिथे अंघोळ, कपडे, औषधे यांसाठी मदतनीस असतो, पण राहणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळत असते. तिसरी गोष्ट म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांचा सांभाळ. कर्जतजवळ नेरळला डिग्निटी फाउंडेशनची ज्येष्ठांसाठी वसाहत आहे आणि नालासोपाऱ्याजवळ राजोडीला ‘स्नेहांजली’ आहे. स्मृतिभ्रंशाच्या सांभाळासाठी महाराष्ट्रात ज्यांची नावे घेतली जातात, त्यांत या दोन्ही येतात.

मी पाहिलेल्या बऱ्याच वृद्धाश्रमांच्या प्रवेशअर्जात ‘स्वतःची कामे स्वतः करता आली पाहिजेत’ अशी अट होती. ती प्रामाणिक अट आहे. अडचण पुढे येते. माणूस आत येतो तेव्हा धडधाकट असतो आणि तीन-चार वर्षांनी विसरू लागतो. तेव्हा संस्था काय करणार? प्रवेशाच्या दिवशी विचारण्याचा हा पहिला प्रश्न. ‘बघू तेव्हाचे तेव्हा’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ ‘घेऊन जा’ असा होतो.

कायदा काय मोजतो

‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम’ २००७ साली झाला. त्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकारला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणारे वृद्धाश्रम उभारता येते. कलमातला शब्द ‘उभारता येईल’ असा आहे, ‘उभारलेच पाहिजे’ असा नाही. बरेच काही त्या क्रियापदात अडकून पडले आहे. ज्येष्ठांसाठी म्हणून बांधल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना २०२४ मध्ये महारेराने किमान निकष घालून दिले. लिफ्ट, उतार, रुंद दरवाजे, न्हाणीघरातले कठडे यांचा त्यात विचार आहे. हे आवश्यकच आहे. मात्र हे निकष भिंती मोजतात. रात्री दोन वाजता कोण जागे असते, हे त्यांत येत नाही.

मनोरुग्णांच्या हक्कांसाठी झालेला २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा इथे अधिक उपयोगी पडतो. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशा-काळाचे भान यांच्या गंभीर बिघाडाचाही समावेश आहे. या कायद्याने कोणालाही साखळीने बांधून ठेवण्यास पूर्ण बंदी केली. शारीरिक बंधन घालायचेच झाले, तर ते तातडीचा धोका टाळण्याचा एकमेव उपाय म्हणून आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने. त्याची नोंद हवी आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायला हवे. केवळ माणसे कमी आहेत म्हणून कोणाला बांधता येणार नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणून संस्थाचालकांना दोन प्रश्न शांतपणे विचारावेत. तुमची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे? आणि एखादे आजोबा रात्री उठून चालू लागले तर तुम्ही काय करता? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा माणूस खोलीतल्या पलंगाकडे पाहतो की अंगणाकडे, एवढ्यावरूनही बरेच समजते.

एक तास, दर पाच मिनिटांनी

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी स्मृतिभ्रंशाच्या विचारात मोठा बदल घडवला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा असा की, माणसाची जी हानी दिसते ती सगळी मेंदूतल्या बिघाडाची नसते. त्याच्याशी आजूबाजूचे कसे वागतात, यानेही त्यातली बरीच घडते. त्याला न विचारता उचलणे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलणे, लहान मुलासारखे दटावणे हे सगळे त्या हानीत भर घालते. किटवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरीक्षणाची एक पद्धत तयार केली. निरीक्षक सामायिक जागेत तासन्‌तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक रहिवासी काय करतो आहे आणि कसा दिसतो आहे, हे टिपतो.

ही पद्धत शास्त्रशुद्धपणे वापरायला प्रशिक्षण लागते. पण तिची घरगुती आवृत्ती कोणालाही जमते. संस्थेच्या दिवाणखान्यात किंवा ओसरीवर एक तास बसावे आणि एकाच आजींकडे लक्ष ठेवावे. दर पाच मिनिटांनी वहीत एक ओळ लिहावी: त्या काय करत आहेत, कोणी त्यांच्याशी बोलले का, बोलले असेल तर काय. तासाभरात बारा ओळी होतात. एका चकचकीत संस्थेत माझ्या बारापैकी अकरा ओळी ‘टीव्हीसमोर, डोळे मिटलेले’ अशा होत्या. एका साध्या, पत्र्याच्या छपराच्या संस्थेत मी पाहत असलेल्या आजी मदतनीस मावशींबरोबर मेथी निवडत होत्या. निवडलेली मेथी त्या पुन्हा काड्यांत मिसळत होत्या आणि मावशी काही न बोलता पुन्हा वेगळी करत होत्या. त्या तासात मावशींनी त्यांच्याशी सात वेळा बोलणे केले. माहितीपत्रक पहिल्या संस्थेचे अधिक सुंदर होते.

हा तास शक्यतो दिवेलागणीचा निवडावा. स्मृतिभ्रंशात बऱ्याच जणांची अस्वस्थता सायंकाळी वाढते. ‘घरी जायचे’ असे म्हणत माणूस दाराशी येतो. सकाळी दहाला सगळ्याच संस्था चांगल्या दिसतात. तिन्हीसांजेला, कामाची पाळी बदलताना, खरी परीक्षा होते.

‘मना आंडोर कथा गया?’

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. फुई काही महिने खानदेशाबाहेरच्या एका शहरातल्या संस्थेत होती. जागा स्वच्छ होती, परिचारिका शिकलेल्या होत्या, खर्च आमच्या ऐपतीच्या टोकाशी होता. तिथल्या दैनंदिन नोंदवहीत तिच्या नावापुढे पुन्हा पुन्हा एक शेरा होता: ‘असंबद्ध बडबड.’ त्या बडबडीतले एक वाक्य एका मदतनीस मुलीने मला नक्कल करून सांगितले. ते वाक्य होते, ‘मना आंडोर कथा गया?’ अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा. माझा मुलगा कुठे गेला, असे ती विचारत होती. वाक्यात काहीही असंबद्ध नव्हते. ते ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच अहिराणी येत नव्हती, इतकेच. मुलीला अर्थ सांगितला तेव्हा ती गप्प झाली आणि मग म्हणाली, “मला वाटलं, त्या कोणाला तरी शिव्या देतात.”

यात एकट्या संस्थेला दोष देऊन भागणार नाही. फुईला प्रमाण मराठी उत्तम येत असे. तिने बाजारात, बँकेत, शाळेत जन्मभर तीच वापरली. पण दोन भाषांच्या माणसाची स्मृती जाऊ लागली की नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी सुटते आणि आईच्या मांडीवरची भाषा शेवटपर्यंत राहते. दोन भाषा असण्याचा लाभही मोठा आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवले, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षर माणसांतही हा फरक होता. घरात अहिराणी, लेवा बोली, गुजरी किंवा भिलोरी आणि बाहेर मराठी बोलणारा खानदेशी माणूस या अर्थाने भाग्यवान आहे. पण ज्या भाषेने त्याला ही वर्षे मिळवून दिली, तिच्यातले वाक्य शेवटच्या काळात कोणाला कळत नसेल, तर त्या भाग्याचे काय करायचे?

या शेऱ्याचे परिणाम पुढेही जातात. न कळलेले बोलणे ‘बडबड’ ठरते, बडबड वाढली की ‘त्रास’ ठरते आणि त्रासावर गोळी येते. मन शांत करणाऱ्या काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. ही औषधे कधी लागतच नाहीत असे नाही. पण ती कोणी, कशासाठी, किती दिवसांसाठी लिहिली आणि कमी करण्याचा विचार कधी होणार, हे विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे.

ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या आलोइस अल्झायमरने १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात एका ५१ वर्षांच्या बाईची तपासणी केली. त्याने तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरे तिच्याच शब्दांत टिपून ठेवली. तो कागदांचा गठ्ठा १९९५ मध्ये पुन्हा सापडला आणि आजही अभ्यासला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या डॉक्टरने ‘असंबद्ध बडबड’ असे लिहून पान उलटले नाही. आपल्या संस्थांच्या नोंदवह्यांकडून एवढीच अपेक्षा करावी.

म्हणून माझा मुख्य निकष असा आहे: विसरणाऱ्या माणसाला आत घेणारी संस्था त्याच्या आठवणी सांभाळण्याचे काम पत्करत असते, ते काम ती किती जाणून करते, हे पाहावे. नेदरलँड्समध्ये वेस्प गावी २००९ मध्ये सुरू झालेली होखेवेक ही वसाहत यासाठी जगभर नावाजली गेली. तिथे सहा-सात जणांची घरे आहेत आणि कोण कोणाबरोबर राहणार हे त्यांच्या पूर्वीच्या जगण्याच्या रीतीवरून ठरते. एवढा पैसा आपल्याकडे नाही. पण एक मदतनीस मावशी अमळनेरची किंवा साक्रीची असावी, तिने सकाळी ‘जेवनी का वं माय?’ असे विचारावे, महिन्यातून एकदा कळण्याची भाकरी आणि भरीत व्हावे, श्रावणात कानबाईचे नाव निघावे, यासाठी पैशापेक्षा माहिती लागते.

पाणी, वजन आणि करार

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तहान लागली तरी मागता येत नाही, आणि पाणी कमी पडले की गोंधळ वाढतो. प्रत्येकाला दिवसभरात किती वेळा पाणी दिले जाते आणि त्याची नोंद होते का, ते पाहावे. दरमहा वजन लिहिले जाते का, हेही विचारावे. घटते वजन पुष्कळ काही सांगते: घास गिळता येत नाही, दात दुखतात किंवा भरवायला कोणाला वेळ नाही. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस किती वेळाने बदलतात, हे विचारून थांबू नये. त्यांच्या टाचा बघता आल्या तर बघाव्यात.

करार घरी नेऊन वाचावा. अनामत परत कधी मिळणार, रुग्णालयात दाखल असतानाचे पैसे कसे, दर किती वाढणार, कोणत्या कारणाने माणसाला परत पाठवले जाईल, मृत्यूच्या वेळी काय करायचे, हे सगळे त्यात असावे. संस्थेच्या नावावर घर किंवा शेत करून देण्याची अट असेल, तर तिथून निघावे. मुलांच्या नावावर मालमत्ता करून देणाऱ्यांनीही सांभाळाची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. २००७च्या कायद्याच्या कलम २३ मुळे अशी अट मोडल्यास व्यवहार रद्द करून घेता येतो, आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे जाता येते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर माहिती मिळते.

जवळ की दूर

खानदेशातल्या कुटुंबापुढचा खरा पेच मात्र यानंतर सुरू होतो. स्मृतिभ्रंशाचे ज्ञान असलेली संस्था सुमारे चारशे किलोमीटरवर आणि भाषा, चव, नातेवाईक असलेली संस्था वीस किलोमीटरवर. दूरच्या संस्थेत मुलगा दोन महिन्यांनी जातो. जवळच्या संस्थेत भाचा दर गुरुवारी बाजाराहून येताना डोकावतो. नियमित येणारा आणि न कळवता येणारा नातेवाईक असला की संस्थेचा कारभार आपोआप सावध राहतो. रात्रीची भटकंती, आक्रमकता किंवा गिळण्याचा त्रास फार असेल, तर तज्ज्ञ जागाच हवी. तसे नसेल आणि जवळची संस्था शिकायला तयार असेल, तर मी जवळची जागा निवडतो. फुईसाठी आम्ही तेच केले. ती आता जळगाव जिल्ह्यात आहे. तिचा आजार थांबलेला नाही, पण तिच्या नोंदवहीत आता तिची वाक्ये असतात.

केंद्र सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या अनुदान योजनेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी अखंड शुश्रूषेच्या निवासांची तरतूद आहे. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, जळगावलाही आता आहे. या दोन शहरांतल्या चालू वृद्धाश्रमांनी प्रत्येकी एक खोली, दोन प्रशिक्षित मावशी आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागाची पंधरवड्याची फेरी एवढ्यापासून सुरुवात केली, तरी पुण्याची वाट धरणारी काही कुटुंबे इथेच थांबतील.

तोवर घरच्यांनी एक काम आजच करावे. ज्याची स्मृती चालली आहे, त्याच्यासाठी एक पान लिहावे. घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, बोली कोणती, मुलाबाळांची आणि गेलेल्यांची नावे, आयुष्यभर केलेले काम, चहात साखर किती, कशाची भीती वाटते, कोणत्या कुशीवर झोपतो, कोणते भजन लागले की ओठ हलतात. हे पान संस्थेच्या व्यवस्थापकाच्या हाती द्यावे आणि महिन्याभराने जाऊन पाहावे, ते कपाटातल्या फायलीत आहे की पलंगाजवळच्या भिंतीवर.